कोणाचं कोणावाचून अडतं

जगात अमक्याचा तमक्याशी काडीचाही संबंध नाही, असं विधान माझ्या साडूंसमोर करण्याची हिंमत अख्ख्या पुण्यात कोणी करू नये. केलंच, तर पुढचा तासभर मोकळा ठेवावा. साडू आधी मान तिरकी करतात, मग चष्मा कपाळावर चढवतात, खिशातली पेन्सिल काढतात आणि हाताशी येईल त्या कागदावर, मग ती लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो की मी तपासायला घरी आणलेली कोणाच्या तरी आत्मचरित्राची प्रुफं असोत, एका कोपऱ्यात एक चौकोन काढतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा. हा तुमचा अमका, हा तमका. मग मधल्या रिकाम्या जागेत एकेक चौकोन उगवत जातो, चौकोनाचौकोनांतून बाण निघतात आणि शेवटी दोन टोकांची गाठ पडते. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, की समोरच्या इमारतीतल्या त्या भुंकणाऱ्या कुत्र्याशी माझा काय संबंध? साडूंनी कुत्रं, दूधवाला, माझी झोप, माझे डोळे आणि प्रकाशक असे चौकोन जोडत जाऊन सिद्ध केलं, की मी तपासलेल्या एका कादंबरीत नायिकेचं नाव मध्येच दोन पानं बदललं आहे ते त्या कुत्र्यामुळे. मी मुद्रितशोधक आहे, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो, त्यामुळे ती गोष्ट मला फार लागली. पण कादंबरी उघडून पाहिली, तर नायिका खरोखरच दोन पानं भलत्याच नावाने वावरत होती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. दोघं कर्वेनगरातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. साडू एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. तिथे बाकीचे लोक प्रोग्राम लिहितात आणि साडू त्या लिहिलेल्या प्रोग्रामांची चित्रं काढतात. म्हणजे स्वतः काढत नाहीत; चित्रं काढणारं एक अवजार त्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलं आहे आणि त्याचं नाव ठेवलं आहे ‘जाळं’. त्यातलं मला जे कळलं ते असं. त्यांच्या कंपनीचा साखर कारखान्यांसाठी केलेला एक फार जुना, फार अवाढव्य प्रोग्राम आहे. तो इतक्या जणांनी इतकी वर्षं लिहिला, की आता सबंध असा तो कोणालाच ठाऊक नाही. लिहिणारे कोणी नोकरी सोडून गेले, कोणी देश सोडून गेले, एकदोघे जगच सोडून गेले. मागे राहिले त्यांचे तुकडे. एक तुकडा उसाच्या गाडीचं वजन नोंदवतो, एक पावती छापतो, एक काय करतो ते कोणालाच माहीत नाही, आणि एकाला हात लावला तर दुसरीकडे काय कोसळेल या धास्तीने सगळे जपून असतात. जाळं हा सगळा मजकूर वाचून काढतं आणि प्रत्येक तुकड्याचा एक चौकोन मांडतं. या तुकड्याचं काम त्या तुकड्यावाचून अडत असेल, तर याच्याकडून त्याच्याकडे एक बाण. “बास, एवढंच आहे,” साडू म्हणतात. “कोणाचं कोणावाचून अडतं. कंपनीत काय आणि घरात काय, माणसाला दुसरं जाणून घ्यायचं असतं काय?”

खरी मजा त्यापुढे आहे. मांडलेले चौकोन लगेच जागेवर बसत नाहीत. पडद्यावर आधी नुसती दाटी असते. मग ती दाटी हलायला लागते. ज्यांचं एकमेकांवाचून अडतं ते बाणांनी ओढले जाऊन जवळ सरकतात, ज्यांचा संबंध नाही ते एकमेकांना हलकेच दूर लोटतात, सगळं चित्र डोलत, घुटमळत, जागा बदलत राहतं आणि मग केव्हातरी, पंगतीत सगळ्यांना पाट मिळावेत तसं, स्थिर होतं. ज्याच्यावाचून पुष्कळांचं अडतं तो आपोआप मधोमध येतो, त्याला कोणी आणून बसवावं लागत नाही. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो तरंगत तरंगत कडेला जातो आणि जाळं त्याला करडा रंग देतं. करडा म्हणजे याच्यावाचून कोणाचं काही अडत नाही, काढून टाकला तरी चालेल. हे सगळं स्थिर होताना बघणं ही साडूंची समाधी. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जातो तेव्हा पडदे ओढलेले असतात, पंखा संथ फिरत असतो, साडू हनुवटी तळहातावर टेकवून बसलेले असतात आणि माझ्याकडे न बघता कुजबुजतात, “बसा. आत्ता निवळतंय.” सुरुवातीला मी थट्टेने बसायचो. पण थोडा वेळ त्या चौकोनांकडे पाहत राहिलं, की आपण जागे आहोत की नाही हेच कळेनासं होतं. बाहेर कोणी भंगारवाला ओरडत जातो तोही लांबच्या गावातून ओरडल्यासारखा वाटतो. आणि कुठले कोण ते चौकोन, माझ्या ओळखीचे ना पाळखीचे, पण एकदाचे सगळे आपापल्या जागी लागले की मला उगाच बरं वाटतं. ताईंनी आणून ठेवलेला चहा मात्र तोवर पार थंड झालेला असतो.

जाळ्यात लाल रंगही आहे. याचं त्याच्यावाचून अडतं, त्याचं तिसऱ्यावाचून आणि तिसऱ्याचं परत याच्यावाचून, असं फिरून येणारं अडणं सापडलं की ते बाण लाल होतात. याला साडू चक्र म्हणतात आणि चक्र दिसलं की त्यांना चैन पडत नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात कार्यालयात अडीच वाजून गेले तरी पंगत बसेना. व्यवस्थापकांना विचारायला गेलो, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, “लग्न तुम्ही लावलंत, जेवण आम्ही देतो. उशीर कोणी केला ते घरी जाऊन ठरवा.” साडूंनी मात्र चौकशी करत करत कागदाच्या बशीच्या पाठीवर चित्र काढलं. पंगत थांबली होती नवरानवरीसाठी, नवरानवरी फोटोवाल्यासाठी, फोटोवाला मुलीच्या मामांसाठी, कारण मामांशिवाय घरच्यांचा फोटो होत नव्हता, आणि मामा मधुमेहाचे, वेळेवर जेवण न मिळाल्यामुळे वरच्या खोलीत आडवे झालेले, म्हणजे थांबलेले पंगतीसाठी. “चक्र!” साडू एवढ्या आनंदाने ओरडले, की दोनचार जणांना वाटलं जेवायला बोलावलं. मग ते स्वयंपाकघरात घुसले, कोणाच्या तरी हातापाया पडून वाटीभर वरणभात मिळवला आणि वर नेऊन मामांना भरवला. मामा उठले, फोटो झाला, पंगत बसली. त्या फोटोत मामांच्या मिशीला लागलेलं वरण अजून स्पष्ट दिसतं.

पण साडूंचा सर्वांत लाडका खेळ म्हणजे ‘काढून पाहणं’. एखाद्या चौकोनावर यायचं, एक कळ दाबायची, की तो चौकोन नाहीसा होतो आणि त्याच्यावाचून ज्यांचं अडत होतं ते सगळे सैल होऊन भरकटायला लागतात. एका वर्षी त्यांनी आपल्या सोसायटीचंच जाळं करून वार्षिक सभेत भिंतीवर दाखवलं. आधी जिन्याखालचा पाण्याचा व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर अख्ख्या इमारतीची दाणादाण उडाली. मग अध्यक्षांना काढून पाहिलं. सभा श्वास रोखून बघत होती. काहीही हललं नाही. पार्किंगचा एक चौकोन तेवढा जरा मोकळा झाल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: “सभेत चित्रे दाखवू नयेत. चित्रे पाहण्याची हौस असणाऱ्यांनी ती आपापल्या घरी पाहावीत. आदेशावरून.” साडूंना यात काही लागेल असं दिसलंच नाही. ते मला फलकापाशी घेऊन गेले आणि काळजीने म्हणाले, “आदेशावरून म्हणजे कोणाच्या? बाण कुठे जातो तेच लिहिलेलं नाही.”

असा माणूस रस्त्याने सुखरूप जातो कसा, याचं मला नवल वाटतं. सिग्नलला स्कूटर थांबली, की ते वरच्या तारांकडे बघत बसतात. कुठली तार कुठून येते, कुठे जाते. मागे गाड्या भोंगे वाजवत असतात. एकदा मी मागे बसलेला असताना शेजारून एक मुलगी हेल्मेटची काच वर करून म्हणाली, “काका, तारा मोजून झाल्या असतील तर निघू या का?” साडू म्हणाले, “झाल्याच,” आणि निघाले. ताईंना याचं आता काही वाटत नाही. “यांना सगळ्या जगाचं कुठे अडलंय ते कळतं,” त्या म्हणतात, “फक्त घरातला गॅस संपलाय ते कळत नाही.”

आम्हा दोघांच्या सासूबाई अर्थातच एक. त्यांच्या वाट्याला असे दोन जावई यावेत हे त्यांनी हसून सोसलं आहे. “एक चुका काढतो, दुसरा बाण काढतो. मुलींना शिकवलं, जावयांचं तेवढं राहून गेलं,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. सासरे गेल्यापासून त्या पुण्याबाहेर मांजरी नावाच्या गावी एकट्या राहतात. सासऱ्यांनी हौसेने बांधलेलं दोन खोल्यांचं घर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात वेताची खुर्ची, समोर फाटक आणि फाटकाबाहेर रस्ता. घर बांधलं तेव्हा चहूकडे ऊस होता. आता एका बाजूला ऊस आणि उरलेल्या तीन बाजूंना टॉवर. गेल्या उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही एवढंच. तेव्हा घर विकून आईला कर्वेनगरला आणायचं, हे दोघी बहिणींनी मनाशी ठरवून टाकलं. पण सासूबाईंचं उत्तर एकच: “मला इथून हलता यायचं नाही. लोकांचं अडतं.” कोणाचं अडतं, असं विचारलं की त्या गप्प बसत, कारण ते त्यांनाही धड सांगता येत नसे.

अडतं हा शब्द आला म्हटल्यावर साडू मध्ये पडणारच. ते लॅपटॉप घेऊन मांजरीला गेले, आम्ही सगळेच गेलो, आणि व्हरांड्यात बसून त्यांनी सासूबाईंना अगदी प्रेमाने प्रश्न विचारले. दूध कोण आणतं, औषधं कोण आणतं, बिलं कोण भरतं, दवाखान्यात कोण नेतं? प्रत्येक उत्तराला सासूबाईंच्या चौकोनातून एक बाण बाहेर निघाला. मग साडूंनी उलट विचारलं. तुम्ही कोणासाठी काय करता? सासूबाईंनी पुष्कळ विचार केला. “काही नाही बाई,” त्या म्हणाल्या, “बसलेली असते.” बसण्याचा बाण कुठे काढणार? चित्र डोलायला लागलं, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत सासूबाईंचा चौकोन हळूहळू कडेला जाऊन करडा झाला. साडूंनी घसा साफ केला. “आई, म्हणजे तुमचं बऱ्याच जणांवाचून अडतं. पण तुमच्यावाचून इथे...” पुढचं त्यांना म्हणवेना. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसून पडद्याकडे नीट पाहिलं.

“ती करडी मी का?”

“हो, आई.”

“रंग बरा आहे. मळणार नाही,” असं म्हणून त्या उठल्या आणि आत जाऊन बॅग भरू लागल्या.

आम्हाला सुटल्यासारखं झालं, हे खोटं कशाला सांगू? साडूंनी फाटकावर पाटी लावली, “घर विकणे आहे”, आणि खाली स्वतःचा फोन नंबर. गिऱ्हाईकही लवकर मिळालं, भला माणूस होता, दिवाळी झाली की कागद करायचे ठरले. सासूबाई साडूंकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. तिथे त्यांची कुठलीच तक्रार नव्हती. जेवल्या का विचारलं तर जेवले म्हणत, झोप लागली का विचारलं तर लागली म्हणत, आणि दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून राहत. बॅग त्यांनी कपाटात ठेवू दिली नाही. ती खुर्चीशेजारीच असे, एसटीची वाट पाहणाऱ्या बाईने ठेवावी तशी. ताई एकदा आमच्याकडे येऊन रडल्या. “आई भांडतसुद्धा नाही गं माझ्याशी,” म्हणाल्या. माझ्या बायकोलाही मग रडू आलं, आणि मी मुकाट्याने प्रुफांत तोंड घातलं.

पाटी तशीच फाटकावर होती, त्यामुळे दसऱ्यापासून साडूंना फोन यायला लागले. घर विकत घेणाऱ्यांचे नव्हेत. पहिला फोन एका बाईचा. साडूंनी क्षेत्रफळ सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, “घर न्हाई वो घ्यायचं. आजी कवा येणार हाय ते इचारायचं हुतं. पोरं शाळंतनं आली का न्हाई ते आजींना ठावं असायचं. आमी कामावर असतो.” दुसरा फोन टॉवरमधल्या एका तरुणाचा. “काका, अ‍ॅक्चुअली माझी पार्सलं आजी घ्यायच्या. आता डिलिव्हरीवाला कॉल करतो तेव्हा मी मीटिंगमध्ये असतो. देअर इज नो वन, यू नो.” तिसऱ्या माणसाने आधी दोनदा नुसतंच हॅलो हॅलो केलं. मग म्हणाला, “काय न्हाई साहेब. मी सायकलवर कंपनीत जातो त्या रस्त्यानं. आजी रोज इचारायच्या, डबा घेतला का? आता इचारत न्हाई कोण. माझा डबा लई येळा घरी ऱ्हातोय.” आणि फोन ठेवून दिला. साडूंनी ही फोनांची गंमत मला हसत हसत सांगितली. पण सांगून झाल्यावर ते हसायचे थांबले आणि पेन्सिल खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवली.

त्याच सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी साडूंच्या कंपनीच्या प्रोग्रामने पावत्या छापणं बंद केलं. उसाच्या गाड्या वजनकाट्याबाहेर लांबच लांब खोळंबल्या. कारण शोधायला दिवस गेला. उन्हाळ्यात साडूंनी जाळ्यात करडा दिसला म्हणून एक लहानसा तुकडा काढून टाकला होता. त्याचं नाव प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडे एकही बाण येत नव्हता. ते नाव होतं प्रत्येक कारखान्याने भरून दिलेल्या माहितीत, आणि वर्षातून एकदाच, हंगामाच्या पहिल्या दिवशी, प्रोग्राम ते नाव तिथून वाचून त्या तुकड्याला हाक मारत असे. या वेळी हाक मारली आणि ओ द्यायला कोणी नव्हतं. साडूंनी तुकडा परत जागेवर ठेवला, गाड्या सुटल्या, कंपनीत कोणी त्यांना फारसं बोललंही नाही. पण संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

“साडू,” ते म्हणाले, “माझं जाळं फक्त लिहिलेलं वाचतं हो. लिहिलेलं नाही आणि तरी अडतं, ते त्याला दिसतच नाही.”

“माझाही धंदा तसलाच आहे,” मी म्हटलं. “कागदावर नाही ते मलाही दिसत नाही.”

“आईंना मी सगळ्यांदेखत करडं केलं.” त्यांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्या प्रुफांवर ठेवली. “सोमवारी कागद करायचे आहेत.”

“मग कसं दिसतं ते? तुमचं ते न लिहिलेलं?”

“चालू असताना बघायचं. शेजारी बसून नुसतं बघत राहायचं. दुसरा उपाय नाही.”

म्हणून शनिवारी पहाटे आम्ही दोघे साडू मांजरीला जाऊन सासूबाईंच्या जागी बसलो. ते वेताच्या खुर्चीत, मी पायरीवर. उसाला तुरे आले होते आणि पातळ धुक्यात सगळं शेत झोपेत श्वास घेतल्यासारखं हलत होतं. थोड्या वेळाने रस्त्याने एक सायकल आली. सायकलवाला सवयीने फाटकाकडे बघत हळू झाला. साडू उठून उभे राहिले. हा माणूस परक्याशी आपणहून बोलायला जन्मभर लाजलेला. त्यांनी दोनदा तोंड उघडून मिटलं आणि मग एकदम केवढ्याने तरी ओरडले, “डबा घेतलात का?” सायकलवाला दचकून थांबला. हँडलला लावलेली पिशवी त्याने चाचपली, आमच्याकडे पाहिलं, सायकल वळवली आणि घराकडे परत गेला. येताना डबा दाखवून हसला. साडू खाली बसले ते पुष्कळ वेळ रस्त्याकडेच बघत बसले.

मग पार्सलवाला आला, आणि घरात माणूस आहे हे पाहून त्याने न विचारता तीन खोकी आमच्या हवाली केली. दुपारी सगळं थांबलं. वारा पडला, टॉवरच्या सावल्या अंगणात येऊन पडल्या, एक मांजर येऊन खुर्चीखाली झोपलं, जणू आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसत आलो आहोत. माझा डोळा लागला. जाग आली ती शाळेच्या बसच्या आवाजाने. मुलंमुली उतरून एकेक करत फाटकावरून गेली आणि जाताना प्रत्येकाने खुर्चीकडे पाहून हात केला. खुर्चीत आजी नाहीत, हे हात केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. साडू प्रत्येकाला परत हात करत होते. दिवेलागणीला आम्ही निघायच्या तयारीत असताना उसाच्या कडेने कामावरून परतणाऱ्या दोन बायका फाटकाशी थबकल्या. “दिवा लावा की वो,” एक म्हणाली. “आजींच्या दिव्यावर तर येतो आमी हितवर.” साडूंनी व्हरांड्यातला दिवा लावला. ‘बसलेली असते’ म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हा कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं मला सुचलं नाही.

त्याच उजेडात उभं राहून साडूंनी गिऱ्हाइकाला फोन केला. “घर विकता येणार नाही. माफ करा. ते वापरात आहे, आमच्या लक्षात आलं नव्हतं.” पलीकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं: “विकायला काढायच्या आधी बघायचं असतं ते.” साडू म्हणाले, “खरं आहे तुमचं,” आणि फाटकावरची पाटी काढून गाडीत टाकली. घरी येऊन त्यांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं, “आई, माझी चूक झाली. लोकांचं अडतं.” सासूबाई म्हणाल्या, “मी म्हटलंच होतं,” आणि शेजारची बॅग उचलली. मग न्हाणीघरात धरायला दांड्या बसल्या, फरशी खरखरीत झाली, रात्रीच्या सोबतीला वस्तीतली एक बाई येऊ लागली आणि दोघी बहिणी पाळीपाळीने जाऊ लागल्या. जाळ्यात साडूंनी एक नवा बाण आणला, तुटक रेघांचा. वाचून न दिसणारं, चालू असतानाच दिसणारं अडणं तो दाखवतो. कंपनीत आता करडा चौकोन दिसला, तरी आधी हंगामभर त्याच्याकडे बघतात आणि मगच त्याला हात लावतात.

मागच्या रविवारी आम्ही सगळे मांजरीला होतो. ऊन उतरलं होतं. साडूंनी व्हरांड्यात स्टुलावर लॅपटॉप मांडला आणि सासूबाईंचं चित्र नव्याने सुरू केलं. करडा चौकोन नेहमीसारखा कडेला गेला. मग एकेक तुटक बाण येऊ लागला, सायकलीचा, शाळेच्या बसचा, दिव्याचा, पार्सलांचा. चौकोनाला रंग चढला, तो हलला आणि घुटमळत, वाटेतल्यांना हलकेच बाजूला सारत, सावकाश आत आत येत गेला आणि मधोमध थांबला. सासूबाई खुर्ची वळवून बघत होत्या. “एवढ्या लोकांच्या मध्ये मला बसवलंत,” त्या म्हणाल्या, “आता चहा कोणी टाकायचा?” ताई हसत आत गेल्या. मी विचारलं, यात आपण कुठे? साडूंनी बोटाने दाखवलं. हे तुम्ही, ही तुमची बायको, ही ताई, हा मी. चौघांचे बाण एकाच ठिकाणी जात होते.

“मग काढून पाहा की एकदा,” मी म्हटलं. सवयीने म्हटलं, त्यांचा लाडका खेळ म्हणून. त्यांचं बोटही सवयीने त्या कळीवर गेलं. सासूबाईंनी तेवढ्यात खुर्ची पुन्हा रस्त्याकडे वळवली होती. आमच्याकडे त्यांची पाठ होती, पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा, आणि त्यापलीकडे उसाचे तुरे. रस्त्याने कोणीतरी येत होतं आणि त्या मान पुढे काढून ते कोण आहे ते बघत होत्या. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग बोट उचलून मांडीवर ठेवलं.

“नको,” ते म्हणाले. “अजून निवळायचंय.”

चित्र केव्हाच निवळलं होतं. एकही चौकोन हलत नव्हता.